नवीन कारखान्यासाठी प्रशिक्षण कसं आखावं? विषयांची यादी बाजूला ठेवा, जागांची यादी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: असेंब्लीचा नवीन कारखाना सहा महिन्यांत चालू होणार, मशीन अजून यायची आहेत, भरती बहुतेक नवख्यांची, तर बाहेरचा तयार कोर्स घेतला तर चालेल का? एवढ्यावर भागणार नाही. तयार कोर्समध्ये ‘गुणवत्ता’, ‘सुरक्षा’, ‘टीमवर्क’ असे विषय असतात. लाइनवरचा माणूस मात्र एका ठरावीक जागेवर, ठरावीक जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग) हातात घेऊन उभा असतो. त्याला त्या जागेचं काम यायला हवं.

म्हणून कारखान्याचा लेआउट घ्या आणि लाइनवरच्या कामाच्या जागा मोजा. समजा २४ जागा आणि दोन पाळ्या आहेत. प्रत्येक जागेला दोन माणसं आणि एक बदली, म्हणजे ७२ वेळा कुणाला तरी एक जागा शिकवून पास करायचं आहे. एक प्रशिक्षक एका वेळी दोघांना नीट शिकवू शकतो. त्याहून जास्त झाले की मागचे नुसते बघत राहतात. एका जोडीला सरासरी दीड दिवस धरला तर ३६ जोड्यांना ५४ प्रशिक्षक-दिवस लागतात. चार प्रशिक्षक असले तर साधारण १४ दिवस, आणि तेही मशीन मोकळी मिळाली तर. ती मिळत नाहीत, कारण त्याच दिवसांत कमिशनिंगवाल्यांच्याही (मशीन बसवून चालू करून देणाऱ्यांच्या) ट्रायल चालू असतात. तेव्हा ट्रायलच्या वेळापत्रकातच ‘शिकवणीचे तास’ आधी लिहून घ्या. हे राहिलं की माणसं हॉलमध्ये प्रेझेंटेशन बघत बसतात आणि पहिला खरा जॉब उत्पादनाच्या पहिल्या दिवशी हातात घेतात.

आता प्रत्येक जागेसाठी ए-फोरचा एकच कागद करा. त्यात तीन रकाने: काय करायचं, कसं करायचं, तसंच का करायचं. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९४० साली सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ कार्यक्रमातून ती आली आणि आजही तितकीच कामाची आहे. उदाहरणार्थ, सहा बोल्टचं झाकण बसवायचं आहे. काय: बोल्ट आवळा. कसं: आधी सगळे हाताने टेकवा, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन फेऱ्या. ड्रॉइंगवर २४ न्यूटन-मीटर असेल तर पहिली फेरी १२ ला. टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की ‘टक्’ करणारा पाना) मुठीवरच धरा आणि ‘टक्’ झालं की थांबा. का: एका बाजूने आवळत गेलं तर गॅस्केट (झाकणाखालची गळती रोखणारी चकती) तिथे दबतं आणि समोरून गळती होते, हात मुठीच्या पुढे सरकला तर बोल्ट जास्त आवळला जातो, ‘टक्’ नंतर पुन्हा ओढलं तरी तेच. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच आहे. कारण माहीत नसलेला माणूस घाई झाली की नेमकी तीच पायरी गाळतो.

हे कागद ट्रायलच्या काळात पेन्सिलनेच लिहा. फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारा साचा) बदलतं, क्रम बदलतो. पक्का केल्यावर आवृत्ती क्रमांक टाका आणि जुना कागद जागेवरून काढून घ्या.

शिकवताना चार टप्पे ठेवा: माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. करून घेताना त्याला तोंडाने ‘कसं’ आणि ‘का’ बोलायला लावा. हात बरोबर चालले तरी मनात गोंधळ असतो, तो इथे उघडा पडतो. पास कधी? न विचारता सलग १० जॉब बरोबर, ठरलेल्या वेळेच्या सव्वापटीच्या आत. हजेरीवरून स्किल मॅट्रिक्समधली (कुणाला कोणती जागा किती येते त्या तक्त्यातली) वर्तुळं भरू नका. तीन महिने जागेवर हात लागला नाही तर त्याला एक पायरी खाली आणा.

नजरेने तपासणी करणाऱ्यांना वेगळं घ्या. ३० नमुने ठेवा: १५ चांगले, १० वाईट, ५ सीमेवरचे. प्रत्येकाने ते क्रम बदलून दोनदा पाहायचे. स्वतःच्याच पहिल्या निकालाशी दुसरा जुळत नसेल, तर आधी प्रकाश आणि सीमेचे नमुने तपासा, मग माणसाकडे वळा.

मेन्टेनन्सचं प्रशिक्षण मशीनच्या खरेदी ऑर्डरमध्येच लिहा: किती दिवस, किती माणसं, कोणत्या भाषेत, कोणते बिघाड मुद्दाम करून दाखवायचे. नाहीतर पुरवठादाराचा इंजिनिअर शेवटच्या दिवशी, जो मोकळा असेल त्याला, दोन तासांत सगळं ‘समजावून’ निघून जातो. मशीन त्यांच्याकडे चालवून बघायला जाल तेव्हा दोन फिटर आणि एक सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) सोबत न्याच.

सुरक्षा मात्र मशीनला वीज जोडण्याआधी. ट्रायलच्या काळात गार्ड उघडे असतात, इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन थांबवणारी सोय) बायपास केलेले असतात, म्हणून धोका नेहमीपेक्षा जास्त. मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप, स्वतःची किल्ली. कुलूप लावल्यावर स्टार्ट दाबून खात्री. न्युमॅटिक (हवेच्या दाबाने चालणाऱ्या) सिलिंडरमधली हवा सोडलेली. वीज बंद असली तरी अडकलेल्या हवेने सिलिंडर हलतो आणि बोट जातं. हे प्रत्येकाकडून हाताने करून घ्या, सही घेऊन सोडू नका.

उत्पादन चालू झाल्यावर पहिले चार आठवडे रिवर्क (चुकल्यामुळे पुन्हा करावे लागलेले जॉब) जागेनुसार मोजा. एकाच जागेवर तिघांकडून तीच चूक होत असेल तर कागद किंवा फिक्स्चर दुरुस्त करा. एकाकडूनच होत असेल तर त्याला तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा शिकवा.