“आंबोलीला नेलं तरी गाडीतनं उतरत नाही”

“दर महिन्याला कुठं ना कुठं नेतोच की आम्ही याला. आंबोली झाली, चोर्ला झालं. तिथंही मोबाइलच मागतंय पोरगं. याला निसर्ग आवडतच नाही काय, मॅडम?”

बेळगावच्या अनगोळमधल्या आठ वर्षांच्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील उद्यमबागेत फौंड्रीत पाळीवर जातात. मुलगा साडेचारला शाळेतून येतो, साडेपाच ते सात ट्युशन, नंतर जेवणापर्यंत मोबाइल. काढून घेतला की आदळआपट, झोपायला अकरा.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत सल्ला दिला नाही. आठवडाभराची वही लिहायला सांगितली: झोप किती, मोबाइल किती, उघड्यावर किती. सोमवार ते शनिवार मिळून मूल तासभरही बाहेर नव्हतं, आणि त्यातलाही बराच वेळ रिक्षाची वाट बघण्यात गेलेला. आंबोलीची सहल म्हणजे जाऊन-येऊन चारेक तास गाडीत, घाटात उलटी, धबधब्यापाशी गर्दी, “इकडं बघ, हस” म्हणत फोटो. त्यात मुलाला स्वतःहून करण्यासारखं काही नव्हतंच. दोष मुलाच्या आवडीचा नव्हता.

शाळा आणि ट्युशनमध्ये मूल लक्ष ओढूनताणून एका जागी धरतं, आणि ते थकतं. मोबाइलवर ते लक्ष विसावत नाही, दर काही सेकंदांनी नव्यानं ओढलं जातं. पानांची हालचाल, मुंग्यांची रांग, वाहतं पाणी यांच्याकडे मात्र ते आपसूक जातं, जोर लागत नाही. म्हणून थकलेल्या लक्षाला अशी वेळ हवी, थोडी थोडी मिळाली तरी चालते. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० प्रौढांच्या २०१९ सालच्या पाहणीत आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत आणि मन ठीक असल्याचं सांगणारे जास्त होते. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यांत, यानं फरक पडला नाही. ती पाहणी मोठ्यांची होती, पण तुकड्यांचा हिशेब पाळीवर जाणाऱ्या घराला परवडणारा आहे.

तर ठरलं ते असं. ट्युशन अर्ध्या तासानं पुढे ढकलायची. आठवड्यातून तीन दिवस शाळेतून आल्यावर खाऊन, टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारातल्या झाडांत ३० मिनिटं. रविवारी सकाळी येळ्ळूरला आजोबांच्या शेतात तासभर. मोबाइल स्कूटरच्या डिकीत, आईचाही.

पहिली दहा-पंधरा मिनिटं मूल “कंटाळा आला” म्हणणारच, हे आधीच सांगून ठेवलं होतं. नेमक्या याच वेळी पालक घाबरून खेळ सुचवतात. काही सुचवायचं नाही, जवळ बसून राहायचं. तिसऱ्या खेपेला त्यानं वाळक्या शेंगा गोळा करायला घेतल्या. तेव्हा आईनं “हे कुठलं झाड, सांग बघू” सुरू केलं आणि तो उठून गेला. नाव विचारलं की तीही ट्युशनच. मुलानं विचारलं तर सांगा, येत नसेल तर “आजोबांना विचारूया” म्हणा.

जूनअखेर पाऊस लागला आणि सगळं कोलमडलं. दहा दिवस कुणी बाहेर पडलं नाही, मोबाइलचं भांडण पुन्हा रोजचं झालं. आपल्याकडे बेळगावात पाऊस थांबायची वाट बघायची तर सप्टेंबर उजाडतो. मग दाराशी एक पिशवी भरून ठेवली: रेनकोट, रबरी चप्पल, टॉवेल, एक कपड्याचा जोड. परत आल्यावर पाय धुवायचे, कोरडं व्हायचं, गरम दूध. वीज कडकडत असेल तेवढाच दिवस सोडायचा. रोप लावणीच्या दिवसांत तर बांधावर बसून खेकड्याच्या बिळाकडे तो तासभर बघत राहिला. सापांची भीती रास्तच आहे: बिळात हात घालायचा नाही, गवतात शिरायच्या आधी काठी आपटायची, मोठं माणूस पुढे.

दोन महिन्यांनी वहीत दिसलं ते एवढं: झोप साधारण पाऊण तास अलीकडे आली, मोबाइलवरून रडणं रोजचं होतं ते आठवड्यातून एक-दोनदा. वडील रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घरी आल्यावर झोपायचे, तरी रविवारी शेतात यायला लागले. मुलगा त्यांच्याशी सर्वांत जास्त बोलला तो तिथं, चिखलात.

वर्गातली तक्रार मात्र तशीच राहिली: लिहिताना मधेच उठतो, वस्तू हरवतो. झाडांत फिरून ते जाईल असं आम्ही म्हटलं नव्हतं. असं घरी आणि शाळेत दोन्हीकडे सहा महिन्यांहून जास्त दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे तपासणी हवी. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. या मुलाला तसंच पाठवलं आहे, फिरणं चालूच आहे.

पुढचा बेत खानापूरच्या रानाचा आहे, म्हणून एक सूचना. पावसाळा संपल्यावर, विशेषतः डिसेंबर ते मे, घाटालगतच्या जंगलात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून माकडताप (केएफडी, गोचीड चावल्यानं होणारा विषाणूचा ताप) होऊ शकतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं. घरी आल्यावर अंघोळ घालताना काखा, जांघा, कानामागं नीट बघा. नंतरच्या दिवसांत अचानक जोराचा ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आधी सांगा.