लंडनमध्ये खोली घेण्यापूर्वी: भाडे, वाट आणि परतीची वेळ

गोव्यातल्या साखळीहून लंडनला परिचारिका म्हणून येण्याची तुमची तयारी पूर्ण होत आली आहे, हॅमरस्मिथ भागातील रुग्णालयाचे नियुक्तिपत्र हाती पडले आहे आणि आता राहायचे कुठे, असे तुम्ही मला विचारले आहे. तुमच्या मामांच्या ओळखीने साउथॉलमध्ये दरमहा ८५० पौंडांत वीज-पाण्यासह एक खोली मिळते आहे आणि रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा १,३५० पौंडांचा एक स्टुडिओ फ्लॅट तुम्ही संकेतस्थळावर पाहून ठेवला आहे. साउथॉलमध्ये आपली माणसे आहेत, तेव्हा चिंता नको, असे मामा म्हणतात. तो भाग मुलीने एकटीने राहण्यासारखा नाही, असे तुमच्या चुलतभावाने कुठेतरी वाचले आहे. मी मूळची माशेलची आणि गेली बरीच वर्षे पश्चिम लंडनमध्ये राहते. हे दोन्ही भाग माझ्या पायाखालचे आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्टच सांगते. गोव्यात बसून या दोहोंपैकी कशाचेही पैसे भरू नका. परदेशातून येणाऱ्या परिचारिकांना पहिले काही आठवडे राहण्याची सोय अनेक रुग्णालये स्वतःच करून देतात किंवा तिची व्यवस्था लावून देतात. तुमच्या नियुक्तिपत्रात तसा उल्लेख नसेल, तर मनुष्यबळ विभागाला आजच ईमेल पाठवून विचारा. ती सोय थोडी महाग वाटली तरी घ्यावी, कारण त्या मुदतीत तुम्ही स्वतःच्या पायांनी चालून जागा पाहू शकाल आणि तेवढ्याने पुढची पुष्कळ चिंता मिटेल.

आपल्यापैकी बहुतेक जण स्वतःच्या घरात वाढलेले असतात. भाड्याने राहण्याची वेळ आयुष्यात प्रथम येते ती परदेशातच. गावात आपण सुरक्षित असतो, कारण वाड्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याला ओळखतो आणि उशीर झाला तर कोणीतरी विचारतो. त्या सवयीमुळे आपण इथेही आधी ‘आपली माणसे कुठे आहेत’ हे शोधतो आणि भागाच्या नावावरून तो चांगला की वाईट हे ठरवून मोकळे होतो. लंडनमध्ये नावावरून काही कळत नाही. एकाच साउथॉलमध्ये एक रस्ता रात्री अकरापर्यंत गजबजलेला असतो आणि दोन वळणे पुढचा रस्ता संध्याकाळी सातलाच सामसूम होतो. त्यामुळे तुम्ही पाहायची ती वाट, म्हणजे स्थानकापासून किंवा बसथांब्यापासून तुमच्या दारापर्यंतची, आणि तीही तुम्ही ज्या वेळी परतणार त्या वेळी.

साउथॉलचेच उदाहरण घ्या. स्थानकातून बाहेर पडले की आपण साउथ रोडवर रेल्वेच्या पुलापाशी येतो. उत्तरेला ब्रॉडवेकडे निघालात तर मिठाईची आणि साड्यांची दुकाने, फुटपाथवर मांडलेल्या भेंडी-कोथिंबिरीच्या पेट्या आणि बसची वाट पाहणाऱ्या बायका-मुले यांमुळे रात्री नऊलाही एकटे वाटत नाही. त्याच रस्त्यावरून आडव्या गल्लीत शिरलात की एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग, पुढच्या अंगणात उभी केलेली मोटार, कचऱ्याची चाकांची पिंपे आणि दूरदूर अंतरावर दिवे, एवढेच उरते. तेवढ्याने ती गल्ली धोक्याची ठरत नाही. पण आठवड्यातून तीन-चार वेळा, बारा तासांची ड्युटी संपवून, एकटीने ती पार करायची आहे. पाच मिनिटांची वाट आणि पंधरा मिनिटांची वाट यांत म्हणूनच मोठा फरक पडतो, आणि भाड्याच्या जाहिरातीत तो कुठेही लिहिलेला नसतो.

त्यातच इथला हिवाळा लक्षात घ्यायला हवा. गोव्यात डिसेंबरमध्येही सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. लंडनमध्ये त्या महिन्यात तो चारच्या आतच मावळतो आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. दिवसाची लांब ड्युटी असेल त्या दिवशी तुम्ही जाताना अंधार असेल आणि येतानाही अंधारच असेल. जूनमधल्या लख्ख दुपारी जागा पाहून हो म्हणणाऱ्यांना हे नोव्हेंबरमध्ये कळते. तुम्ही जागा पाहायला दोनदा जा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊच्या पुढे. दुसऱ्या वेळी घरमालकाची गरज नाही, नुसती वाट चालून पाहा.

इंग्लंडच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रत्येक रस्त्याच्या आसपास नोंदलेले गुन्हे महिन्यागणिक आणि प्रकारानुसार नकाशावर दिसतात. ते अवश्य पाहा, पण वाचताना सावध राहा. नकाशावरचे ठिकाण नेमके नसते, जवळच्या एका ठरावीक बिंदूवर ते दाखवलेले असते. शिवाय बाजारपेठेत आणि स्थानकाजवळ आकडा नेहमीच फुगलेला दिसतो, कारण तिथून हजारो माणसे ये-जा करतात आणि दुकानातली चोरीही त्यातच धरलेली असते. तेव्हा स्थानकाजवळच्या रस्त्याची तुलना दुसऱ्या स्थानकाजवळच्या रस्त्याशीच करावी आणि एकूण बेरीज बाजूला ठेवून घरफोडी, लुबाडणूक आणि मारहाण हे प्रकार वेगळे काढून पाहावेत. चुलतभावाने वाचले ते बहुधा अशाच एखाद्या बेरजेवरून लिहिलेले असावे. मोबाइल मात्र कोणत्याही भागात, अगदी श्रीमंत वस्तीतही, फुटपाथच्या कडेला उभे राहून हातात धरू नका. सायकलवरून येऊन तो हिसकावणे हा इथला नित्याचा प्रकार आहे.

आता पैशांकडे वळते. ८५० आणि १,३५० यांत ५०० पौंडांचा फरक दिसतो, पण ती तुलना पुरी नाही. लंडनमध्ये प्रवासाचे भाडे झोनवर, म्हणजे शहराच्या मध्यापासून बाहेर मोजलेल्या पट्ट्यांवर, ठरते. साउथॉल चौथ्या झोनमध्ये आहे आणि हॅमरस्मिथ दुसऱ्या. एलिझाबेथ लाइनने ईलिंग ब्रॉडवेपर्यंत यायचे आणि तिथून डिस्ट्रिक्ट लाइनने हॅमरस्मिथ गाठायचे, हा सरळ मार्ग आहे. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात या वेळांत रेल्वेचे भाडे जास्त असते, आणि तुम्ही स्थानकात कार्ड कधी टेकवता त्यावरून ते ठरते. साडेसातची ड्युटी गाठण्यासाठी साडेसहाच्या आत शिरलात तर रोज काही पैसे वाचतात. महिन्याला त्याची बरी रक्कम होते. बस स्वस्त पडते, पण दमलेल्या शरीराला तिचा वेळ परवडतो का, ते तुम्हीच ठरवा. प्रवासखर्च धरून फरक ५०० वरून बराच खाली येतो. उलट स्टुडिओत कौन्सिल टॅक्स (म्हणजे कौन्सिलचा, इथल्या पालिकेचा, घरावरचा कर), वीज, गॅस आणि इंटरनेट हे सारे बहुधा वेगळे भरावे लागते, त्यामुळे तो पुन्हा वर जातो. एकटीच राहत असाल तर कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते. ती मागून घ्यावी लागते.

आणखी एक अडचण आहे. इथले बहुतेक एजंट वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या तीसपट आहे का, हे पाहतात. १,३५० पौंडांसाठी ४०,५०० पौंड दाखवावे लागतील. ओएससीई ही परिचारिकांची प्रात्यक्षिक परीक्षा होऊन एनएमसीची, म्हणजे इथल्या परिचारिकांच्या नियामक संस्थेची, नोंदणी मिळेपर्यंत पगार सहसा खालच्या श्रेणीचा असतो, त्यामुळे पहिल्या वर्षी तो स्टुडिओ मनातून काढून टाकावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

रात्रपाळीच्या बाबतीत मी थोडी आग्रही आहे, कारण माझे यजमान विमानतळावर पाळीने काम करतात आणि दिवसा झोपण्याची किंमत मला ठाऊक आहे. पिकॅडिली लाइन हाउन्स्लोहून थेट हॅमरस्मिथला येते आणि शुक्रवारी व शनिवारी रात्रभर चालते, म्हणून कोणीतरी तुम्हाला हाउन्स्लो सुचवील, आणि मार्ग म्हणून ते खरेच सोयीचे आहे. परंतु हाउन्स्लोचा बराच भाग हीथ्रोवर उतरणाऱ्या विमानांच्या खाली येतो. पश्चिमेचा वारा असताना विमाने दुपारी तीनपर्यंत एका धावपट्टीवर आणि तीननंतर दुसऱ्या धावपट्टीवर उतरतात आणि हा क्रम दर आठवड्याला उलटतो. म्हणजे एका आठवड्यात तुमची सकाळची झोप शांत जाईल आणि पुढच्या आठवड्यात डोक्यावरून सतत विमाने जातील. जागा पाहायला गेलात की खिडकी उघडून दहा मिनिटे शांत उभे राहा.

घराच्या आत पाहताना रंग आणि पडदे यांवर जाऊ नका. न्हाणीघराच्या छताचे कोपरे आणि कपाटामागची भिंत पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात चपलांना आणि पट्ट्यांना बुरशी येते आणि उन्हे पडली की जाते. इथे खिडक्या महिनोन्महिने बंद असतात, त्यामुळे आलेली बुरशी मुक्काम ठोकते आणि छातीला त्रास देते. ताज्या रंगाचा एखादाच पट्टा दिसला तर त्याखाली काय आहे, असे सरळ विचारा. प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म असणे आणि गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी होणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या तपासणीचे प्रमाणपत्र मागण्यात संकोच वाटू देऊ नका. एका घरात वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसे स्वयंपाकघर वाटून राहत असतील तर घरमालकाकडे कौन्सिलचा परवाना लागतो, आणि अशा घरात एका प्रौढ व्यक्तीची झोपण्याची खोली ६.५१ चौरस मीटरहून लहान असता कामा नये. परवान्यांची नोंदवही कौन्सिलकडे असते. मामांनी पाहिलेल्या घरात किती जण राहतात, हे तुम्हाला कोणीच सांगितलेले नाही. ते आधी विचारा.

त्या घराविषयी दुसरा प्रश्न असा, की घरमालक स्वतः तिथेच राहतो का. राहत असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही भाडेकरू नसून लॉजर ठरता. वातावरण घरगुती मिळू शकते, पण अशा वेळी अनामत रक्कम सरकारमान्य योजनेत ठेवण्याची सक्ती त्याच्यावर नसते आणि वाजवी मुदतीची सूचना देऊन तो खोली रिकामी करून घेऊ शकतो. तो तिथे राहत नसेल, तर घेतलेली अनामत ३० दिवसांच्या आत तीन मान्यताप्राप्त योजनांपैकी एका योजनेत नोंदवून त्याचा कागद तुम्हाला द्यावाच लागतो. अनामत किती घ्यायची यालाही मर्यादा आहे: २०१९ च्या कायद्याने ती पाच आठवड्यांच्या भाड्याइतकीच घेता येते. हिशेब असा करायचा, की ८५० ला १२ ने गुणून ५२ ने भागले की आठवड्याचे भाडे १९६ पौंड १५ पेन्स निघते आणि पाच आठवड्यांचे ९८० पौंड ७७ पेन्स. यापेक्षा एक पेनीही जास्त द्यायची नाही. खोली राखून ठेवण्यासाठी एक आठवड्याचे भाडे घेता येते, त्याहून अधिक नाही. १ मे २०२६ पासूनच्या नियमांनुसार भाडेकरूकडून करारावर सही होण्यापूर्वी भाडे घेता येत नाही आणि सहीनंतरही एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ घेता येत नाही. म्हणून ‘सहा महिन्यांचे भाडे आधी पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच बोलणे थांबवा. कोणताही प्रामाणिक घरमालक तुमच्या व्हिसाचा शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन तपासण्यासाठीचा सांकेतिक क्रमांक) मागेल, कारण भाडेकरूला राहण्याचा हक्क आहे की नाही हे तपासणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तो न मागताच पैशांची घाई करणाऱ्याचा संशय धरा.

आपल्या माणसांचा आधार मी कमी लेखत नाही. डॉलिस हिलला १९३२ पासूनचे महाराष्ट्र मंडळ आहे, साउथॉल-हाउन्स्लोत गोव्याची कितीतरी कुटुंबे आहेत आणि पहिल्या गणपतीला घरची आठवण येते तेव्हा हीच माणसे कामी येतात. मात्र त्यांपैकी पुष्कळ जण पोर्तुगीज पासपोर्टवर २०२० अखेरपूर्वी, म्हणजे युरोपीय नागरिकांना इथे व्हिसाशिवाय येऊन राहता येत होते तेव्हा, आले आहेत, त्यांच्या वेळचे भाडे वेगळे होते, आणि ओळखीच्या घरात करार मागितला तर वाईट दिसते, या भिडेने अनेकांनी कागदच केलेला नाही. तुम्ही तो मागा. मामांना वाईट वाटू नये म्हणून हवे तर माझे नाव पुढे करा.

तुमच्या जागी मी असते तर रुग्णालयाच्या सोयीत उतरून ॲक्टन, ईलिंग आणि हॅनवेल या पट्ट्यात, घरमालक आणि वाट दोन्ही पाहून, पाच मिनिटांच्या चालीवर थांबा असलेली एक खोली शोधली असती. त्या पट्ट्यातून जाणाऱ्या अक्सब्रिज रोडवरून दिवसा २०७ आणि रात्री एन २०७ या बस जातात. शेफर्ड्स बुशला उतरले की हॅमरस्मिथ तिथून लांब नाही. साउथॉलची खोली तोवर राहिली तर तीही पाहा, आणि तिची वाट ब्रॉडवेच्या बाजूने असेल, घरात माणसे मोजकी असतील आणि कागद होत असेल, तर खुशाल घ्या. नियुक्तिपत्रात ड्युटीच्या वेळा आणि राहण्याच्या सोयीविषयी काय लिहिले आहे, तेवढे मला कळवा. मामांच्या ओळखीच्या घराचा पिनकोड मिळाला, तर येत्या शनिवारी रात्री आम्ही दोघे ती वाट चालून पाहतो.