वारशाने आलेली, फेरफार केलेली मिलिटरी रायफल विकली तर किती पैसे येतील?

तुम्ही लिहिलंय की वडील वारले आणि आजोबांच्या काळापासून गोव्यातल्या डिचोलीच्या घरात असलेली 'मिलिटरीची' ली-एनफिल्ड आता तुमच्या वाट्याला येतेय. पूर्वी कोणीतरी तिचं पुढचं लाकूड कापून, वर दुर्बीण बसवून ती शिकारीसाठी करून घेतली होती. अमेरिकेतले डॉलरमधले भाव बघून तुम्ही हिशेब मांडलाय, तो आधी बाजूला ठेवा. तिथल्या भावामागे मोठा खुला बाजार आहे, आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या हातात आधी लायसन्स लागतं.

मी सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, आता पेडण्यात असतो. घरातली जुनी बंदूक दाखवायला लोक बोलावतात तेव्हा मी सगळ्यात आधी नळीवरचे शिक्के वाचतो. तिथे बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचं इंचांतलं माप, .303 आहे की .315, यावर तुमचं जवळजवळ सगळं ठरतं.

.303 हे सैन्याचं बोअर, म्हणून कायद्याने प्रोहिबिटेड, म्हणजे पीबी. ते लायसन्स कलेक्टरच्या हातात नसतं, केंद्रीय गृहमंत्रालयापर्यंत जावं लागतं. तुमच्या नावावर चढवायलाही तेच, आणि विकत घेणाऱ्यालाही तेच. त्यामुळे गिऱ्हाईक जवळजवळ नसतंच. नग कितीही देखणा असला तरी डीलर हात आखडता घेतो.

पण नळीवर .315 किंवा 8 मि.मी. दिसलं तर गोष्टच वेगळी. इंग्रजांना सैन्याची काडतुसं सामान्य माणसाच्या बंदुकीत चालायला नको होती, म्हणून बीएसए या इंग्लंडच्या कंपनीने त्याच ली-एनफिल्डच्या बॉडीवर हिंदुस्थानसाठी .315 स्पोर्टिंग रायफली बनवल्या. पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्यानेही बनवल्या. त्यांचं लाकूड मुळातच अर्ध्यावर संपतं. 'कापलेली मिलिटरी रायफल' म्हणून दाखवलेली वस्तू प्रत्यक्षात अशी कारखान्यातूनच आलेली स्पोर्टिंग रायफल निघू शकते, म्हणून तुमच्या आशेला जागा आहे. ती एनपीबी, म्हणजे प्रोहिबिटेड नसलेल्या बोअरची, असते, तिला गिऱ्हाईक मिळतं. विलायती असेल तर जास्तच, कारण ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून असा माल बाजारात नव्याने येत नाही. इशापूरची असेल तर नव्या .315 ची आजची किंमत विचारा आणि ती वरची मर्यादा धरा.

.410 चा शिक्का असेल तर ती पहाऱ्यासाठी .303 पासून केलेली मस्केट, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची बंदूक. तीही प्रोहिबिटेडच.

आता फेरफाराबद्दल. जे परत जोडता येतं त्याने किंमत फारशी मरत नाही, जे परत येत नाही त्याने मरते. नुसतं लाकूड कापलं असेल तर जुनं लाकूड मिळवून बसवता येतं. नळी कापली असेल तर नाही. एसएमएलईची, म्हणजे आखूड मिलिटरी ली-एनफिल्डची, मूळ नळी 25.2 इंच, म्हणजे साधारण 640 मि.मी. असते, डीलरकडून मोजून घ्या. दुर्बिणीसाठी बॉडीत भोकं पाडली असतील तर संग्राहकाच्या लेखी ती रायफल गेलीच. मग बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत सारून नळी बंद करणाऱ्या भागाच्या, दांड्यामागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, आणि तपासणी होईपर्यंत त्यातून गोळी झाडू नका. दुर्बिणीची किंमत वेगळी विचारा.

नळीच्या आतला भाग आपल्या हवेत फार महत्त्वाचा. जुन्या मिलिटरी काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत राहतो, ओल धरतो आणि गंज खड्डे पाडतो. त्यात निवडणुकीच्या वेळी जमा केलेली बंदूक तेल न लावता पडून राहिली असेल तर विचारू नका. डीलरने उजेडाकडे धरून आत बघितलं आणि नळीतल्या पिळाच्या खाचांच्या कडा धारदार दिसल्या तर भाव टिकतो, काळे ठिपके दिसले तर तो तिथेच निम्म्यावर बोलायला लागतो.

रायफल अजून घरात असेल तर ती आधी पोलीस स्टेशनात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा आणि पावती घ्या. वडिलांच्या नावाचं लायसन्स तुम्हाला चालत नाही, आणि जुनी आहे म्हणून लायसन्स नको हा समज चुकीचा आहे. मग वारस म्हणून अर्ज करा. गोव्यात बहुतेक लग्नांत मालमत्ता नवरा-बायकोच्या सामाईक मालकीची धरतात, म्हणजे आईचा अर्धा वाटा त्यातही येतो. आई आणि भावंडांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, चालू असेल तर रायफल यादीत घाला. विकताना कलेक्टरला किंवा पोलीस स्टेशनला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं.

.303 ची नळी बदलून .315 करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका, परवान्याशिवाय असा बदल हा गुन्हा आहे.

नळीवरचे शिक्के वाचून इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगतो. आणि डीलरकडे गेलात की 'हिची किंमत काय' असं विचारू नका, 'आज तुम्ही कितीला घ्याल' असं विचारा, आणि दोन डीलरांकडून लेखी आकडा घ्या.