वाचक विचारतात : गच्चीवरचं भांडण, न बोलणारे आजोबा आणि थोडं दळण

प्रश्न : ताई नमस्कार. मी सोलापूरचाच, वय ५१, पतसंस्थेत नोकरीला आहे. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. मे महिन्यात आपल्याकडं उकाडा काय असतो तुम्हाला माहितीच आहे, संध्याकाळी लाईट गेली की अख्खं घर गच्चीवर. तसंच मागच्या महिन्यात शेंगा फोडत बसलो होतो आणि माझी पुतणी, बारावीला आहे, ती मधेच म्हणाली, आपण जगतो कशासाठी ओ? झालं, सगळ्यांनी आपापलं सुरू केलं. आई म्हणाली विठ्ठलासाठी, अजून कशासाठी. भाऊ म्हणाला खायचं प्यायचं मस्त राहायचं, मेल्यावर कोण बघायला येतंय. शेजारच्या अक्का विड्या वळतात, सूप मांडीवर घेऊनच वर आल्या होत्या, त्या म्हणल्या संध्याकाळपर्यंत हजार झालं पाहिजे बस्स, त्यावर सगळे खूप हसले. मग माझा मुलगा, पुण्याला आयटीत असतो, सुट्टीवर आलेला, तो म्हणाला विश्व १३८० कोटी वर्षांचं आहे, त्यात आपण कोण, कशालाच काही अर्थ नाही आणि हे एकदा मान्य केलं की डोकं शांत होतं. शांतपणेच बोलला हो तो. पण आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, ८२ वर्षांचे, मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागावर होते, ते ताडकन उठले आणि म्हणाले, अर्थ नाही काय, मग तुझ्या बापाची फी कुणी भरली बे? तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं पाणी आलं, चार दिवसांनी आलेलं पाणी, सगळे बॅरल भरायला पळाले आणि विषय तिथंच राहिला. म्हणजे आम्हाला वाटलं राहिला. त्या दिवसापासून आप्पा नातवाशी एक शब्द बोलत नाहीत. तो पुण्याला परत गेला, फोन पुढं केला की आप्पा नुसता हात हलवतात. मुलाला म्हणलं माफी माग, तर तो म्हणतो मी चुकीचं काय बोललो? आणि खरं सांगू का, मलाही तो चुकीचा वाटत नाही आणि आप्पाही वाटत नाहीत. मग बरोबर कोण, आणि माफी कुणी मागायची?
— एक वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर : तुमच्या प्रश्नावर नाही हसले, पाण्यावर मात्र हसले. आपल्या भाषेत जीवन म्हणजे पाणी पण आणि अर्थ म्हणजे पैसा पण, तेव्हा सोलापुरात कुणी जीवनाचा अर्थ विचारला तर चार दिवसांनी येणारं पाणी आणि त्याची पट्टी असं सांगणारा एखादा निघेलच. असो.

बरोबर कोण ते जरा बाजूला ठेवा, कारण मला वाटतं गच्चीवर एका नावाखाली दोन प्रश्न चालू होते. मुलगा बोलत होता आकाशाकडं बघून, आणि आप्पांनी ते ऐकलं स्वतःकडं बघून. ८२ व्या वर्षी अर्थ हा शब्द कानावर पडला की माणूस कोट्यवधी वर्षांचा हिशोब मांडत बसत नाही, आपण भरलेल्या पाळ्या मोजतो. आणि नातू म्हणतोय बेरीज शून्य. फी कुणी भरली हे त्या शून्याला दिलेलं उत्तर होतं, विश्वाशी त्याचा काही संबंध नव्हता.

हे मला कळतं कारण आमच्या घरातही मिल होती. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून या गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा, भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर चूल पेटायची, कशासाठी जगायचं हे विचारायला सवडच नसायची. आमच्या मामांची मिल बंद पडली तेव्हा ते पंचेचाळीस-सेहेचाळीसचे असतील. मिल बंद झाली तरी मामा पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, कपडे करायचे, डबा घेऊन बाहेर पडायचे, तलावाच्या कडेला जाऊन बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी. सहा-सात महिने चाललं हे. मामीला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, पण ती रोज भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात भरून देत राहिली, कुठं जाता हे तिनं कधी विचारलं नाही. त्या काळात मामांना कुणी म्हणलं असतं की कशालाच अर्थ नाही, तर मला वाटतं ते घरी परत आले नसते. आप्पा काय बघून आलेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आता मुलाचं. त्याला ओरडू नका. दिवसभर टार्गेट, रेटिंग, कोण पुढं गेलं कोण मागं राहिलं यात पिचलेल्या पोराला विश्वाच्या मानाने मी धुळीचा कण आहे हा विचार म्हणजे रविवारची सुट्टी असते, खांदे मोकळे होतात. फक्त ती सुट्टी त्याने आप्पांच्या नावावर टाकली, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तुमचे भाऊ खा-प्या म्हणतात तेही आपल्याकडं चार्वाकापासून आहे, त्यात नवीन काही नाही, कर्ज न काढता केलं म्हणजे झालं.

राहिल्या अक्का, ज्यांच्यावर सगळे हसले. मला ते उत्तर सगळ्यात जड वाटलं. हजार म्हणजे हजार वेळा पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायची, दोरा बांधायचा, आणि त्यात स्वैपाक, नळ, पोरं. या बायकांनी वर्षानुवर्षं युनियन करून, मोर्चे काढून गावाजवळच्या कुंभारीला स्वतःच्या नावावर घरं मिळवलीत, ती या हजारावरच उभी आहेत. पण म्हणून मी त्याचं गाणंही करणार नाही. तुमच्या मुलीनं पण हेच करायचं का असं अक्कांना विचारून बघा, सूप फेकून मारतील.

आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांची कथा आपल्याकडं पोरासोरांना माहीत असते, पण मला ती मोठेपणी जास्त कळली. लहान सिद्धरामाला शेतात मल्लय्या, म्हणजे श्रीशैलचा देव मल्लिकार्जुन, भेटला, त्याने हुरडा खाल्ला, मग दहीभात मागितला, पोरगं घरी पळालं आणि परत येऊन बघतं तर कुणीच नाही. रडत रडत थेट श्रीशैल गाठलं. तिथं देव भेटला आणि काय म्हणाला, तर गावाला परत जा आणि तिथं काम कर. मग तलाव खोदला, अडुसष्ट लिंगं स्थापली. माझी आजी यावर म्हणायची, एवढ्या लांब बोलावून हेच सांगायचं होतं तर शेतातच सांगायचं की! मला वाटतं तिचा मुद्दा बरोबर होता, पण शेतात सांगितलं असतं तर त्या पोराने ऐकलं नसतं. तुमच्या मुलाला पण त्याचं श्रीशैल एकदा करून येऊ द्या.

माफी कुणीच मागू नये, ती मागितली की मग कोण हरलं हे ठरतं. त्यापेक्षा मुलाला सांगा, फोनवर अर्थाबिर्थाचं काही बोलू नको, आप्पांना एवढंच विचार की एका वेळी किती साचे सांभाळत होता, चालू मागावर धागा तुटला तर गाठ कशी मारायचात, धोटा उडून कधी लागला का. आणि हे नाटक म्हणून नको, त्याला खरंच यातलं काही माहीत नाहीये, कॉम्प्युटरवाल्याला यात मजा येईल. पहिल्या फोनला आप्पा हात हलवतील. तिसऱ्या-चौथ्याला फोन घेतील आणि मग तुम्हाला फोन परत मिळायचा नाही.

एक राहिलं, खरं तर हेच पहिल्यांदा लिहायला पाहिजे होतं. तुमच्या पत्रात सगळ्यांची उत्तरं आहेत, तुमचं स्वतःचं नाही, ते ठीक आहे. पण जिनं विचारलं तिचं काय? बारावीची मुलगी मे महिन्यात, निकालाच्या दिवसांत, आपण जगतो कशासाठी असं विचारते आणि घरातली सगळी माणसं आपापलं तत्त्वज्ञान सांगून पाणी भरायला निघून जातात. कदाचित सहजच विचारलं असेल. पण तिला गाठून, एकटीला, आज संध्याकाळीच विचारा की तुला हे का वाटलं, आणि मग गप्प बसून ऐका, लगेच समजवायला जाऊ नका. जगावंसं वाटत नाही का असं सरळ विचारलं तरी चालतं, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. थोडी जरी शंका आली तर डॉक्टरांना दाखवा, आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आप्पांचं आठवडाभर थांबेल, हे लांबवू नका.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे, स्पर्धा परीक्षा देतोय, पूर्वपरीक्षेच्या पुढं गेलो नाही. घरचे उठता-बसता डॉ. कोटणीसांचं उदाहरण देतात, ते अठ्ठाविसाव्या वर्षी चीनला गेले आणि तू अजून अभ्यासिकेत. माझं आयुष्य वाया चाललंय का?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : आधी घरच्यांना माझा निरोप सांग की कोटणीसांची काठी करून पोरांना मारायचं बंद करा. १९१० साली इथं जन्मलेला हा माणूस १९३८ ला निघाला तो आयुष्याचा अर्थ शोधायला नव्हे. चीनमधून डॉक्टर पाहिजेत असं बोलावणं आलं, याच्याकडं डिग्री होती, नाव दिलं. पाच जण गेले होते. बाकीचे परत आले, हे राहिले, तिथली भाषा शिकले, लग्न केलं, १९४२ ला मुलगा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ३२ व्या वर्षी गेले, मुलगा काही महिन्यांचा होता. त्यांच्या भिंतीवरच्या फोटोपुढं उभी राहिले की मला त्या बाईचा आणि त्या लेकराचा विचार पहिला येतो. आणि परत आलेल्या चौघांचं आयुष्य वाया गेलं असं कोण म्हणेल?

तुझं वाया चाललंय का ते मला माहीत नाही, पण अजून किती अटेम्प्ट हे तू पत्रात लिहिलं नाहीस, म्हणजे ठरवलेलं दिसत नाही. आकडा ठरव, कागदावर लिही, आईला दाखव. आणि दुपारी तीन तास कुठंतरी काम धर, चार पैसे हातात आले की रात्री दोनला पडणारे निम्मे प्रश्न पडत नाहीत. उरलेले निम्मे खरे असतात, त्यांच्यासाठी परत पत्र लिही.

प्रश्न : रिटायर झाल्यापासून आम्ही सहा जण रोज सकाळी तलावाकाठच्या कट्ट्यावर मानवी जीवनाचे प्रयोजन या विषयावर चर्चा करतो, मी कर्मवादी आहे, बाकी पाच जणांची पाच मतं. पत्नीचं म्हणणं आहे की त्यापेक्षा येताना दळण आणा. आपलं मत?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : तुम्ही कर्मवादी आहात म्हणता ना? गिरणी बाराला बंद होते.