न्यूयॉर्क शहरात स्पॅनिशला अधिकृत भाषेचा दर्जा द्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कमध्ये साधारण पाव लोक घरी स्पॅनिश बोलतात, सरकारी पत्रकांपासून मतपत्रिकेपर्यंत सगळीकडे ती दिसते, मग इंग्रजीच्या जोडीला तिला अधिकृत भाषा जाहीर करायला अडचण काय?

माझं मत सांगतो. दर्जा देऊ नये. त्याऐवजी स्पॅनिशमध्ये नेमकी कोणती कामं झालीच पाहिजेत, किती दिवसांत आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे शहराच्या कायद्यात लिहून घ्यावं. वरवर पाहता पहिलं मोठं आणि दुसरं किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. न्यूयॉर्क शहराच्या किंवा राज्याच्या कायद्यात इंग्रजीसुद्धा 'अधिकृत' म्हणून जाहीर केलेली नाही. ती वहिवाटीने चालते. म्हणजे स्पॅनिशला 'बरोबरीचा' दर्जा द्यायचा तर आधी इंग्रजीला द्यावा लागेल, आणि ते दार उघडलं की फक्त इंग्रजी हवी म्हणणारेही त्याच दारातून आत येतील. १ मार्च २०२५ च्या आदेशाने राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा जाहीर केलं आणि इंग्रजी कमी येणाऱ्यांना सेवा देण्याबाबतचा क्लिंटन यांचा २००० सालचा आदेश रद्द केला. शहराचा स्वतःचा कायदा त्यामुळे पडत नाही. आदेश एका सहीने जातो, कायदा जात नाही. हा फरक पुढेही कामाला येणार आहे.

सध्या काय आहे? २००८ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी आदेश काढून सहा भाषांत सेवा द्यायला सांगितलं. २०१७ मध्ये त्याचा कायदा झाला, 'लोकल लॉ ३०'. त्यात दहा भाषा आहेत: स्पॅनिश, चिनी, रशियन, बंगाली, हैतियन क्रिओल, कोरियन, अरबी, उर्दू, फ्रेंच आणि पोलिश. पहिल्या सहा जनगणनेच्या आकड्यांवरून ठरतात, उरलेल्या चार शहराच्या खात्यांकडे कोण येतं त्यावरून. लोकांशी थेट संबंध येणाऱ्या खात्यांना नेहमी वाटले जाणारे कागद या दहाही भाषांत करावे लागतात, फोनवरचा दुभाषा किमान शंभर भाषांत द्यावा लागतो, भाषा-समन्वयक नेमावा लागतो आणि दर तीन वर्षांनी आराखडा सुधारावा लागतो. यातला एकही हक्क कुठल्या दर्जावर टेकलेला नाही.

स्पॅनिशची बाजू दुबळी आहे असं मात्र नाही. तिच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा लोकसंख्येचा नसून पोर्तो रिकोचा, म्हणजे कॅरिबियनमधल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचा आहे. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत आणि त्यांचं शिक्षण स्पॅनिशमध्ये झालेलं असतं. न्यूयॉर्क राज्यात मतदानासाठी इंग्रजी साक्षरतेची परीक्षा होती, त्यात हे नागरिक अडकायचे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात खास तरतूद आली: अमेरिकी झेंड्याखालच्या शाळेत, मग शिक्षणाची भाषा इंग्रजी नसली तरी, सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला इंग्रजी येत नाही म्हणून मत नाकारता येणार नाही. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे १९७४ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळाने 'अस्पिरा' या पोर्तो रिकन मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थेच्या दाव्यात समझोता केला आणि शहराच्या शाळांत द्विभाषिक वर्ग आले. म्हणजे 'पाहुण्यांनी यजमानाची भाषा शिकावी' हा युक्तिवाद इथे मुळातच लागू पडत नाही. हे सगळं झालं ते दर्जा न मागता, एकेक हक्क कोर्टातून आणि कायद्यातून काढून घेत.

दर्जा मागून काय होतं ते मायामीत पाहावं. १९७३ मध्ये तिथल्या डेड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) ठराव करून स्वतःला द्विभाषिक जाहीर केलं. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाखाच्या आसपास क्यूबन लोक फ्लोरिडात आले, वातावरण तापलं, आणि त्याच नोव्हेंबरात मतदारांनी उलटा कायदा मंजूर केला: इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेसाठी काउंटीने पैसा खर्च करायचा नाही. आरोग्यसेवा, आपत्कालीन मदत अशा गोष्टींसाठी नंतर सवलती घालाव्या लागल्या, आणि मूळ कायदा रद्द व्हायला १९९३ उजाडलं. मधल्या काळात, १९८८ मध्ये, अख्ख्या फ्लोरिडाने राज्यघटनेत इंग्रजी अधिकृत करून टाकली. द्विभाषिकतेच्या ठरावाने मायामीत स्पॅनिश वाढली असं नाही, ती तशीही वाढतच होती. ठरावाने विरोधकांना नेम धरायला एक ठळक निशाण मात्र दिलं.

टेक्सासच्या सीमेवर एल सेनिझो नावाचं छोटं गाव आहे. १९९९ मध्ये तिथल्या कौन्सिलने बैठका स्पॅनिशमध्ये घ्यायचं ठरवलं, मागितल्यास इंग्रजी भाषांतर. तिथे ते चाललं, कारण जवळपास सगळं गावच स्पॅनिश बोलणारं. न्यूयॉर्कला ते माप लावता येत नाही.

आता दर्जाचा कायदेशीर अर्थ. अधिकृत भाषा म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे, दोन्ही मजकूर मूळ. कॅनडात केंद्रीय कायद्यांचे इंग्रजी आणि फ्रेंच पाठ सारखेच प्रमाण मानतात, आणि त्यासाठी मसुदा पहिल्यापासून दोन्ही भाषांत लिहिणारी यंत्रणा लागते. न्यूयॉर्कमध्ये आज नियम इंग्रजीत लिहिला जातो, मग भाषांतर होतं, आणि इथेच घोडं पेंड खातं. इंग्रजी पाठ दुरुस्त होतो, स्पॅनिश पाठ संकेतस्थळावर जुनाच राहतो. मुदत तीस दिवसांवरून वीसवर आली आणि स्पॅनिश कागदावर तीसच राहिली, तर कोणाचं खरं? आज उत्तर सोपं आहे, इंग्रजीचं. दोन्ही प्रमाण केले तर प्रत्येक अशा कागदावर वाद उभा राहील. त्याआधी प्रत्येक कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाकणं, आणि इंग्रजी बदलल्याबरोबर जुना स्पॅनिश कागद आपोआप खाली उतरवणं एवढी साधी शिस्त हवी.

चुका कुठे होतात हे माहीत असलं की कायद्यात काय लिहायचं ते कळतं. अर्जाचा एक कोपरा घ्या. अर्जदार मारिया लोपेस गार्सिया. लोपेस वडिलांकडून, गार्सिया आईकडून, आणि मुख्य आडनाव लोपेस. अमेरिकी फॉर्मवर तीन रकाने: नाव, मधलं नाव, आडनाव. एका खात्यात ती 'गार्सिया' म्हणून नोंदली जाते, लोपेस मधल्या नावात जातं. दुसऱ्या खात्यात दोन्ही आडनावं जोडून लिहिली जातात. वर्षभराने नूतनीकरणाच्या वेळी दोन नोंदी जुळत नाहीत आणि लाभ थांबतो. (मधल्या रकान्यात वडिलांचं नाव घालून परदेशात अडकलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.) पेन्या हे आडनाव संगणकातून 'पेना' होऊन बाहेर पडतं, कारण जुन्या प्रणाली एनवरची नागमोडी खूण गिळतात. तारखेचंही तसंच: ०३/०४ म्हणजे इथे ४ मार्च, पण लॅटिन अमेरिकेतून आलेला माणूस ३ एप्रिल वाचतो आणि सुनावणी चुकते. यातली एकही चूक भाषांतरकाराची नाही. फॉर्म इंग्रजीत आखायचा आणि शब्द तेवढे स्पॅनिश भरायचे, या पद्धतीची ती फळं आहेत. शिवाय स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा पाचवा-चौथा हिस्सा जास्त जागा खातो, म्हणजे चौकटीही त्या हिशोबाने आखाव्या लागतात.

औषधाच्या लेबलांचं उदाहरण जास्त गंभीर आहे. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातल्या औषधदुकानांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. संगणकाने काढलेल्या स्पॅनिश लेबलांपैकी निम्म्यांत चुका होत्या. 'सात दिवस', 'जेवणासोबत' अशा सूचना अर्धवट इंग्रजीतच राहिलेल्या. बहुतेक दुकानं संगणकाच्या भरवशावर होती. म्हणून 'स्पॅनिश उपलब्ध' ही पाटी पुरेशी नाही, दुसऱ्या माणसाने तपासल्याची नोंद हवी.

आणि ज्यांच्यासाठी हे करायचं ते सगळे स्पॅनिश बोलतात, हेही खरं नाही. मेक्सिको आणि ग्वाटेमालातून आलेल्या अनेकांची भाषा मिश्तेक, नाहुआत्ल किंवा किचे आहे. 'लॅटिनो' म्हणून त्यांच्यासमोर स्पॅनिश दुभाषा उभा केला जातो, ते मान डोलावतात, आणि रुग्णालयाच्या संमतिपत्रावर न समजताच सही होते. स्पॅनिशला अधिकृत शिक्का बसला की ही सवय आणखी घट्ट होईल. काउंटरवरचा पहिला प्रश्न 'तुमची भाषा कोणती' हाच राहिला पाहिजे.

मतदानाचा भाग स्वतंत्र आहे. मतदान हक्क कायद्याच्या कलम २०३ नुसार एखाद्या काउंटीत एका भाषिक गटाचे इंग्रजी कमी येणारे, मतदानाच्या वयाचे नागरिक १०,००० हून अधिक किंवा ५ टक्क्यांहून अधिक असले (आणि त्या गटातलं निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असलं) तर मतपत्रिका त्या भाषेतही द्यावी लागते. २०११ मध्ये न्यूयॉर्क शहरातली क्वीन्स काउंटी भारतीय गटासाठी या कलमात आली आणि निवडणूक मंडळाने बंगाली निवडली. कायद्यात फक्त स्पॅनिश, आशियाई आणि मूळनिवासी गट येत असल्यामुळे रशियन किंवा हैतियन क्रिओलला त्याचा आधार नाही. जागेची मर्यादाही खरी आहे: २०१३ मध्ये अनेक भाषा एका कागदावर बसवताना मतपत्रिकेवरचं अक्षर ६ पॉइंटपर्यंत खाली आलं होतं. भिंग लागेल अशा अक्षरातला हक्क काय कामाचा?

मग काय करावं? आपल्याकडे गोव्यात १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, पण मराठीही सर्व किंवा कोणत्याही सरकारी कामासाठी वापरता येईल अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. त्या मांडणीवर तिथे वाद आहेतच, पण दर्जा आणि वापर वेगळे करता येतात हे तिच्यातून दिसतं. न्यूयॉर्कने वापराच्या बाजूने जावं, मात्र 'येईल' ऐवजी 'लागेल' लिहावं. लोकल लॉ ३० मध्ये स्पॅनिशसाठी वरची पायरी घालायची: स्पॅनिशमध्ये आलेल्या तक्रारीला आणि अर्जाला ठरावीक दिवसांत स्पॅनिशमध्येच उत्तर, मुदत किंवा दंड असलेली प्रत्येक नोटीस पहिल्याच दिवशी दोन्ही भाषांत, महिना अक्षरात, भाषांतर चुकल्यामुळे मुदत हुकली तर ती वाढवून मिळण्याचा हक्क, दोन आडनावांचा रकाना, आणि जो कारकून रोज दुभाष्याचं काम करतो त्याची भाषा-चाचणी आणि त्याबद्दल वेगळा भत्ता. शेवटचं कलम सगळ्यात आधी कापलं जाईल, कारण आज हे काम फुकटात होतं.

हे करायला घटनादुरुस्ती लागत नाही. शहराच्या कौन्सिलचे ५१ सदस्य आहेत, २६ मतांनी विधेयक मंजूर होतं, महापौरांना निर्णयासाठी ३० दिवस असतात, आणि त्यांनी व्हेटो केला तर ३४ मतांनी तो ओलांडता येतो. विधेयकाच्या मसुद्यात 'अधिकृत' हा शब्द नसला तर सुनावणीत झेंड्यांवरून भांडण कमी आणि खर्चावरून जास्त होईल. खर्चावरच्या भांडणात तोडगा निघू शकतो.