पुरानंतर नळाला पाणी लवकर यायला हवं असेल तर आधी स्टार्टर उंचावर न्या

सरपंचताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. गाव वैनगंगेच्या काठचं. २०२० च्या पुरात नळयोजना बंद पडली आणि गावाला टँकरवर राहावं लागलं. आता दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात नवी उंच टाकी आणि विहिरीभोवती संरक्षक भिंत धरली आहे. एवढ्यावर पुढच्या पुरात पाणी चालू राहील का, असं तुम्ही विचारलंय.

नाही राहणार. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या नळयोजनांवर माझी सगळी नोकरी गेली, त्या भरवशावर सांगतो. पुरात टाकीला सहसा काही होत नाही. बुडतं ते मोटर चालू-बंद करणारं स्टार्टरचं पॅनल, बुडते ती डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) आणि तुटते ती नाल्यावरची पाइपलाइन. अंदाजपत्रकात मात्र या गोष्टी शेवटच्या पानावर दोन ओळींत असतात. तुमच्या हातात थोडाच पैसा असेल तर तो आधी इथे लावा.

उद्या पंपघरात जाऊन बघा. पॅनल भिंतीवर छातीच्या उंचीला असेल, कारण वायरमनचा हात तिथे पोचतो. उंची ठरवताना नदीचा विचार कोणी केलेला नसतो. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या आणि २०२० चं पाणी कुठवर चढलं होतं ते विचारा. देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून सापडते. तिथून पाणनळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळी काढून पंपघराच्या भिंतीवर ऑइलपेंटने खूण करा. पॅनल त्या खुणेच्या निदान मीटरभर वर हवं. पंपघराचं छत तेवढं उंच नसेल तर बाहेर चार कॉलमवर ओटा, वर पत्रा आणि लोखंडी शिडी, एवढ्यात काम होतं. डीपीचा ओटा उंच करून मिळावा म्हणून महावितरणकडे ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज द्या आणि पोच घ्या.

एकाच वर्षाच्या खुणेवर मात्र विसंबू नका. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने मोवाड गाव वाहून नेलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. पूर आधीच्या खुणेवरच थांबेल असं नसतं. जलसंपदा विभाग नदीकाठाला दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या भागात त्या आखलेल्या असतील तर नकाशा मागून घ्या. पॅनल आणि डीपी लाल रेषेच्या वर गेली तर फारच चांगलं.

सबमर्सिबल मोटर मुळात पाण्यातच असते, तिला पुराच्या पाण्याचं भय नाही. तिला मारतो गाळ, आणि पाणी ओसरताच घाईने दाबलेलं बटण. केबलच्या जोडात ओल असते, स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरमध्ये चिखल सुकलेला असतो, वरून गावाचा तगादा: "साहेब, लाईन येऊन राहिली, मग मोटर काऊन चालू नाही करत?" कोणीतरी चालू करतो आणि वाइंडिंग जळतं. मग मोटर वर काढा, तालुक्याला न्या, रिवाइंडिंगला रांगेत उभे राहा. वायरमनने मेगर (वायरचं आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावून तपासल्याशिवाय पुरानंतर मोटर चालू करायची नाही, हे पॅनलच्या दारावर लिहूनच ठेवा.

२०२० मधली एक गोष्ट विसरू नका. ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ ही दरवाजे उघडले आणि खालच्या गावांत पाणी शिरलं. म्हणजे तुमच्या गावात ऊन पडलेलं असतानाही पूर येऊ शकतो. पण वरून सुटलेलं पाणी खाली यायला काही तास लागतात, तेवढा वेळ तुमच्या हातात असतो. धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप तहसीलच्या नियंत्रण कक्षातून येतो. तो रात्री कोणाच्या फोनवर येणार आणि ऐकून पंपावर कोण जाणार, हे पावसाळ्याआधी ठरलेलं हवं. त्या माणसाने टाकी काठोकाठ भरून घ्यायची, मग मोटर बंद करायची, मेन स्विच पाडायचा आणि टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करायचा. पुरात गाव अडकलं तरी ती टाकी पिण्यापुरती पुरते. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर खालची पाइपलाइन तुटून तेच पाणी नाल्यात जातं.

पाइपलाइन जिथे नाला ओलांडते ती जागा एकदा चालत जाऊन पाहा. पुष्कळ ठिकाणी पाइप पुलाच्या वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला बांधलेला असतो. पुरात वाहून आलेला ओंडका सरळ त्याच्यावरच आदळतो. पाइप पुलाच्या खालच्या अंगाला घ्या आणि तेवढ्या तुकड्यात पीव्हीसी नको, लोखंडीच हवा. नाल्याच्या दोन्ही काठांवर एकेक व्हॉल्व्ह बसवा. मग तुकडा वाहून गेला तरी अलीकडच्या वस्तीला पाणी सोडता येतं. काळ्या मातीत पाइप नुसता पुरू नका. उन्हाळ्यात ती माती हातभर भेगाळते आणि जोड निसटतात. खाली-वर मुरूम किंवा रेती घालायला सांगा आणि चर बुजवताना स्वतः उभ्या राहा.

आता पाण्याच्या शुद्धतेबद्दल. पाणी उतरल्यावर खरं आजारपण सुरू होतं, त्यामुळे इथे जरा लांब लिहितो. आपल्याकडे नळाला दाब कमी पडला की लोक दारात हात-दोन हात खोल खड्डा करतात आणि नळ खाली घेतात. पावसाळ्यात तो खड्डा सांडपाण्याने भरतो. तोटी नसते. पाणी सोडणं बंद झालं की पाइप रिकामा होताना तेच पाणी आत ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी ज्याच्या घरी जातं त्याच्या घरी हगवण. टाकीत कितीही टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, हे थांबत नाही. खड्डे बुजवणं आणि तोट्या बसवणं हे पूरनिवारणाचंच काम आहे, आणि गावात सर्वात जास्त वाईटपणा यातच येतो. तो घ्यावा लागेल. नळांची उंची सगळीकडे सारखी झाली की शेवटच्या घरालाही पाणी पोचतं, हे लोकांना करून दाखवा.

टीसीएलचा हिशेब जलसुरक्षकाकडून (गावच्या पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाकडून) तोंडपाठ करून घ्या. ताजी पावडर असेल तर नेहमीच्या दिवसांत हजार लिटरला २.५ ते ५ ग्रॅम. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण ३७ ते ३८ हजार लिटर, म्हणजे साधारण ९५ ते १९० ग्रॅम. मूठ-मूठ टाकणं बंद. पण पावडर ओलीत ठेवली, पोतं उघडं राहिलं की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. म्हणून वर्षभराचं पोतं एकदम घेऊ नका. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळू द्या, गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहणारी) टाकीखालच्या नळावर करून समाधान मानू नका, पाइपलाइनच्या शेवटच्या घरी करा. तिथे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाच पाहिजे. बुडालेली विहीर आधी उपसून, गाळ काढून मग जास्त मात्रेत टीसीएल टाकून रात्रभर ठेवायची आणि पुन्हा उपसायची. बुडालेल्या हातपंपालाही हेच, वास जाईपर्यंत पाणी हापसून टाकायचं.

शौचालयांचं थोडक्यात. नदीकडच्या टोलीतले शोषखड्डे पुरात भरून वर येतात. तिथे खड्ड्याचं तोंड नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या पातळीपेक्षा ३० सेंटीमीटर वर घ्या आणि भोवती मीटरभर माती चोपून भराव करा. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, म्हणून खड्ड्याच्या बांधकामाबाहेर ३० सेंटीमीटर जाडीचा रेती-गिट्टीचा थर हवा. खड्डा आणि विहीर किंवा हातपंप यांत किमान १० ते १५ मीटर अंतर असू द्या. घरकुलाच्या घाईत हेच अंतर आधी खाल्लं जातं.

दुसरा स्रोत हवाच. गडचिरोलीत आणि इतरत्रही सौर दुहेरी पंपाच्या छोट्या योजना झाल्या आहेत. एकाच विंधन विहिरीत सौर पंपही असतो आणि हातपंपही, वर ५ हजार लिटरची टाकी. ढग आले, सौर पॅनल बिघडलं तरी हातपंप चालतो. गावातल्या उंच भागात अशी एक योजना मागा. ग्रामपंचायतीला स्वतःचा जनरेटर घेऊन सांभाळणं जड जातं, तो पडून गंजतो. त्यापेक्षा स्टार्टरच्या पॅनलमध्ये चेंजओव्हर स्विच (लाईनवरून जनरेटरवर बदलणारा) बसवून घ्या आणि मंडप-डेकोरेशनवाल्याशी जूनमध्येच भाडं ठरवा. साडेसात एचपीच्या मोटरला १५ केव्हीएच्या खालचा जनरेटर नको.

आणि वीजबिल. २०२२ च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत दूषित पाण्याने माणसं गेली. बिल थकल्याने नळयोजनेची वीज तुटलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते, हे तेव्हा सगळ्या पेपरांत आलं. तिथे नळ होते, तरी माणसं गेली, हे मला अजून सहन होत नाही. पाणीपट्टीचं खातं वेगळं ठेवा आणि त्यातून आधी बिल भरा, मग टीसीएल, मग जलसुरक्षकाचं मानधन. उरलं तर बाकीचं.

उन्हाळ्यासाठी एकच सांगतो, विहिरीतल्या पाण्याची पातळी दिवाळीपासून दर महिन्याला दोरीने मोजून वहीत लिहा. मार्चमध्ये कोरडी पडणारी विहीर डिसेंबरातच दिसते आणि टंचाई आराखड्यात नाव वेळेत जातं. सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत कोणी नवी विहीर किंवा बोअर घेत असेल तर भूजल कायदा तुमच्या बाजूने आहे. जॅकवेलजवळचा (नदीचं पाणी घेणाऱ्या विहिरीजवळचा) रेतीउपसाही थांबवा. पात्रातली रेती गेली की पाणी धरून ठेवणारं काही उरत नाही.

पैशांचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीतले ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखलेले होते, त्यातले अर्धे पाण्याला आणि अर्धे स्वच्छतेला. वर सांगितलेली बरीच कामं अशा निधीत बसतात. भिंतीच्या कामाला मी विरोध करत नाही, पण शाखा अभियंत्याला अंदाजपत्रकातला क्रम बदलायला सांगा: आधी पॅनलचा ओटा, मग नाल्यावरचा पाइप आणि व्हॉल्व्ह, मग चेंजओव्हर, मग भिंत. टाकी शेवटी. तसा ग्रामसभेचा ठराव घ्या. पंपघराचा आणि नाल्यावरच्या पाइपचा फोटो टाकलात आणि पुराच्या खुणेची उंची लिहिलीत, तर ओटा किती उंच घ्यायचा ते इथेच ठरवू.