रेल्वेगाड्या बघायला चांगली जागा कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की नदीवरच्या पुलाशी दोनदा जाऊन थांबलात, गाडी आली आणि बघता बघता गेलीसुद्धा, मग उभं राहायचं तरी कुठे? माझीही सुरुवातीची दोन वर्षं पुलांच्या नादातच गेली. पूल लांबून देखणा दिसतो खरा, पण पोलादी गर्डर रुळांच्या दोन्ही अंगांना उभे असतील तर गाडी पिंजऱ्यातून गेल्यासारखी जाते आणि आपल्याला दिसतात नुसत्या तिरप्या पट्ट्या. रूळ पुलाच्या माथ्यावरून जात असतील तरच तिथे थांबण्यात अर्थ आहे.

आता मी देखावा नंतर बघतो. आधी शोधतो, गाडी हळू कुठे होते. हिशोब साधा आहे : ६०० मीटर लांबीची गाडी ताशी १०० किलोमीटरने आली तर सुमारे २२ सेकंदांत समोरून निघून जाते. तीच ३० च्या वेगाने आली तर सव्वा मिनिटाच्या आसपास मिळतं. चढावर गाडी हळू होते, शिवाय इंजिनाला ताकद लावावी लागते, त्यामुळे आवाजही ऐकण्यासारखा असतो, आणि कुठे कुठे मागून ढकलायला जादा इंजिन जोडलेलं असतं. कॅलिफोर्नियातला तेहाचापी लूप गाडीवेड्यांत एवढा गाजला तो याचमुळे. १८७६ साली बांधताना चढ आवाक्यात राहावा म्हणून रूळ गोल फिरवून स्वतःच्याच वरून नेले. सुमारे १२०० मीटरपेक्षा लांब मालगाडी आली की तिचं इंजिन आपल्याच शेपटीच्या वरून जातं.

असलं ठिकाण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, पण नकाशावर उंचीच्या रेषा चालू करून रूळमार्गावर बोट फिरवा. मार्ग उगाचच वळणं घेताना दिसला तर समजा, चढ आहे. वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहा, म्हणजे इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गाडी एका नजरेत येते. पेनसिल्व्हेनियातल्या १८५४ सालच्या हॉर्सशू कर्व्हवर प्रेक्षकांसाठी जागा केली आहे तीही वळणाच्या पोटातच.

एकेरी मार्ग असेल तर दोन गाड्या एकमेकींना बाजू देतात ते स्टेशन गाठा. एक गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, उभी, दुसरी मुख्य रुळावरून सुसाट. मला तरी याहून मोठी मेजवानी माहीत नाही. दुहेरी मार्गावर मात्र ऐनवेळी समोरून मालगाडी आडवी येते आणि ज्या गाडीसाठी तासभर थांबलो ती तिच्यामागे लपून जाते. याला इलाज नाही. फक्त जरा उंचावर उभं राहिलं तर निदान छपरं तरी दिसतात.

सिग्नल दिसेल अशी जागा असेल तर सोन्याहून पिवळं. पण सगळे सिग्नल सारखे बोलत नाहीत. स्वयंचलित पट्ट्यात, म्हणजे जिथे सिग्नल आपोआप बदलतात तिथे, मार्ग मोकळा असला की ते हिरवेच राहतात, त्या हिरव्यावर भरवसा ठेवू नका. तिथे लाल दिसला तर गाडी बहुधा नुकतीच गेलेली असते. स्टेशनातून चालवला जाणारा सिग्नल मात्र लालचा पिवळा किंवा हिरवा झाला की कॅमेरा हातात घ्यायला हरकत नाही. मालगाड्या प्रवासी वेळापत्रकात सापडत नाहीत, त्यामुळे त्यांची चाहूल यावरूनच लागते.

उन्हाचं गणित मी एकदा पुरतं चुकलो. सकाळी पश्चिमेच्या बाजूला उभा राहिलो आणि सगळ्या फोटोंत गाडीऐवजी काळी भिंत आली. उत्तर-दक्षिण मार्गावर सकाळी पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला उभं राहायचं. पूर्व-पश्चिम मार्ग असेल तर उत्तर गोलार्धात वर्षातला बराच काळ दक्षिणेची बाजू बरी. भरावाच्या पायथ्याशी थांबू नका, चाकं आणि डब्यांचं पोट तेवढं दिसतं. उलट मार्ग डोंगर कापून नेला असेल तर वरच्या काठावरून छान दिसतं, अर्थात तिथे सार्वजनिक रस्ता किंवा पायवाट असेल तर.

जागा कितीही चांगली असली तरी रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. विजेवरची गाडी फार आवाज न करता येते, आणि एक गाडी गेली की आपलं लक्ष तिच्यामागे असताना दुसऱ्या रुळावरून दुसरी येते. वरच्या तारेत अनेक ठिकाणी २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लावायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी झटका बसतो. म्हणून पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक बाहेर काढू नका. फोटोला बंदी आहे का, हेही आधी विचारून घ्या, देशोदेशी नियम वेगळे आहेत.

आणि नकाशावर जागा पक्की केलीत तरी पहिल्या खेपेला कॅमेरा घरीच ठेवा. उपग्रहाच्या चित्रात मोकळा दिसलेला माळ प्रत्यक्षात डोक्याएवढ्या झुडपांनी भरलेला असू शकतो. माझ्या बाबतीत हे तीनदा झालंय.